‘त्यांना काही सांगू नका’

रुग्णालयाच्या बोळात हा प्रसंग रोज कुठे ना कुठे घडतो. तपासणीचे कागद हातात घेऊन डॉक्टर खोलीबाहेर येतात आणि मुलाला किंवा जावयाला बाजूला घेतात. आजार पसरला आहे, आता तो बरा होण्यासारखा नाही, एवढे सांगून होते. मुलगा विचारतो, “किती दिवस?” आणि लगेच म्हणतो, “बाबांना काही सांगू नका हं, ते खचतील.” मग नळावर तोंड धुऊन तो खोलीत जातो. बाबा विचारतात, “काय म्हणाले डॉक्टर?” “विशेष काही नाही, थोडी सूज आहे. गोळ्या बदलून दिल्यात.” बाबा मान डोलावतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात.

मुलाच्या मनात कपट नसते. हे सारे मायेपोटी चाललेले असते. तरीही या प्रसंगातून काही प्रश्न निघतात आणि त्यांची उत्तरे तपासून पाहता येतात. बाबांना खरोखर काहीच कळलेले नसते का? खरे कळले तर माणूस खचतो का? आणि असे बोलणे कुणाला शिकवता येते, की ते उपजतच असावे लागते? आयुष्याच्या अखेरीस आलेल्या माणसांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी जे समुपदेशन केले जाते, ते या प्रश्नांभोवतीच उभे आहे. मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत प्रथिनांची मोजमापे करणारी संशोधक आहे. ‘बोलणे’ हाही एक उपचार असेल, तर त्याची चाचणी कशी घेणार, या कुतूहलापोटी मी या विषयाकडे वळले.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. रुग्णापासून आजार लपवणे ही खास आपल्याकडची, एकत्र कुटुंबातली रीत आहे आणि पाश्चात्त्य लोक सगळे तोंडावर सांगून मोकळे होतात, असे आपण मानतो. १९६१ साली शिकागोतील एका रुग्णालयात डोनाल्ड ओकेन यांनी २१९ डॉक्टरांना विचारले, की कर्करोग झाल्याचे तुम्ही रुग्णाला सांगता का? सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. कारणेही आपल्या ओळखीचीच होती: रुग्ण आशा सोडेल, त्याला धक्का बसेल. १९७९ साली डेनिस नोव्हॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे साधारण तीच प्रश्नावली पुन्हा वापरली. तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत माणसांचा स्वभाव बदलत नाही. मधल्या काळात उपचार सुधारले होते, रुग्णाच्या हक्कांची जाणीव वाढली होती आणि मरणाऱ्या माणसांचे म्हणणे कुणीतरी मुद्दाम बसून ऐकले होते.

हे ऐकण्याचे काम करणाऱ्यांत बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस हे दोन समाजशास्त्रज्ञ होते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील सहा रुग्णालयांत ते वॉर्डांमधून फिरत, परिचारिकांबरोबर उभे राहत आणि कोण कोणाशी काय बोलतो याची टिपणे घेत. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी चार प्रकारच्या परिस्थिती सांगितल्या. पहिलीत रुग्ण सोडून सर्वांना ठाऊक असते. दुसरीत रुग्णाला संशय येतो आणि तो आडून आडून विचारू लागतो. तिसरीत त्याला कळलेले असते, घरच्यांनाही ठाऊक असते, पण दोघेही काहीच माहीत नसल्याचा बहाणा चालू ठेवतात. चौथीत सगळे उघडपणे बोलतात.

आपल्या बोळातली गोष्ट पहिल्या प्रकारची वाटते. प्रत्यक्षात बहुधा ती लवकरच तिसऱ्या प्रकारात जाते. अंगावरचे कपडे सैल झालेले माणसाला कळतात. एरवी न येणारे नातेवाईक मुंबईहून अचानक भेटायला येतात, सून आवाज खाली करते, कधी नव्हे ते मुलगा पाय चेपायला बसतो. यातून रुग्ण आपला निष्कर्ष काढतो. मात्र मुलाला त्रास होऊ नये म्हणून तोही गप्प बसतो. एकाच खोलीत दोन माणसे एकमेकांना सांभाळत असतात आणि दोघेही एकटे असतात. सर्वांत अवघड असतो तो हाच बहाणा, कारण तो मोडण्याची सुरुवात कोणी करायची हे कुणालाच कळत नाही.

आपल्या भाषेत या अवस्थेसाठी फार नेमका शब्दप्रयोग आहे. ‘जीव घुटमळतोय’, ‘कशात तरी जीव अडकलाय’ असे जुनी माणसे म्हणतात. ज्या भावाशी बांधावरून बोलणे तुटले तो भेटून गेला, धाकटीच्या लग्नाचे कोण पाहणार ते ठरले, की ‘आता सुटले’ असे म्हणतात. जीव खरोखर त्यामुळेच घुटमळतो का, हे मला ठाऊक नाही आणि त्याला पुरावा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मरणाऱ्या माणसाला काही कामे उरकायची असतात, ही पाहणी पक्की आहे. आपण जात आहोत हे त्याला मोकळेपणाने बोलू दिले, तरच ती उरकता येतात.

आधी वेदना, मग बोलणे

या क्षेत्राचा पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्स (१९१८–२००५) आधी परिचारिका होत्या. पाठदुखीमुळे ते काम सोडावे लागले, म्हणून त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि पुढे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९५७ साली डॉक्टर झाल्या. समाजसेविका असताना त्यांची डेव्हिड टास्मा या रुग्णाशी ओळख झाली. वॉर्सामधून इंग्लंडमध्ये आलेला हा ज्यू निर्वासित लंडनच्या रुग्णालयात कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. त्याला कोणी नातेवाईक नव्हते. मरणाऱ्यांसाठी वेगळी, शांत जागा असावी यावर दोघे तासन्‌तास बोलत. १९४८ साली तो गेला, तेव्हा त्या न बांधलेल्या घराच्या एका खिडकीसाठी त्याने ५०० पौंड ठेवले होते. ते घर, म्हणजे लंडनचे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, उभे राहायला १९६७ साल उजाडले. बरे होणार नसलेल्या रुग्णाचे दुखणे कमी करून त्याचे उरलेले दिवस सुसह्य करणारी संस्था, असा हॉस्पिसचा अर्थ आहे. या उपचारपद्धतीला पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक सेवा म्हणतात.

साँडर्स बाई रुग्णांचे बोलणे टेपरेकॉर्डरवर टिपून ठेवत. एका रुग्ण स्त्रीला त्यांनी फक्त ‘तुमच्या दुखण्याबद्दल सांगा’ एवढेच म्हटले. त्या बाईने पाठीपासून सुरुवात केली. मग आपली भीती, घरच्यांची ओढाताण आणि पैशांची चिंता, हे सारे एकापाठोपाठ एक असे सांगितले, की जणू ते एकच दुखणे होते. यातूनच साँडर्स यांनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. वेदनेला शरीराचा, मनाचा, नातेसंबंधांचा आणि श्रद्धेचा असे चार पदर असतात आणि एकाला ताण बसला की इतरही ताणले जातात.

ही केवळ काव्यमय कल्पना नाही. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा ‘द्वार सिद्धांत’ मांडला. जखमेकडून येणारा संदेश मज्जारज्जूतून थेट मेंदूकडे जात नाही. वाटेत त्याला एक प्रकारचे दार लागते आणि ते किती उघडायचे हे काही अंशी मेंदूकडून खाली येणारे संदेश ठरवतात. सिद्धांताचे मूळ तपशील पुढे बदलले. पण मेंदूपासून मज्जारज्जूकडे येणारे आणि वेदना कमी-जास्त करणारे मार्ग आहेत, हे आता निर्विवाद आहे. रात्री एकटे असताना दात अधिक ठणकतो, याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. भीती, निद्रानाश आणि एकटेपणा वेदनेत भर घालतात. वेदना पुन्हा भीती वाढवते.

म्हणून चांगला समुपदेशक आधी वेदनेची चौकशी करतो. कण्हणाऱ्या माणसाला धीराच्या गोष्टी सांगणे क्रूरपणाचे आहे. तीव्र वेदनेसाठी तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी जी तीन पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली, तिच्या वरच्या पायरीवर तेच आहे. भारतात वैध परवान्याने अफूची शेती होते, तरी आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळणे दुरापास्त होऊन बसले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक परवान्यांमुळे पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पण डॉक्टरांची व नातेवाइकांची ‘सवय लागेल’ ही भीती कायदा बदलून जात नाही. योग्य मात्रेत, देखरेखीखाली, वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनने असे रुग्ण व्यसनी होण्याची शक्यता फार कमी असते, हे घरच्यांना समजावून सांगणे हाही समुपदेशनाचाच भाग आहे.

गप्प राहण्याचे शास्त्र

एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांचे नाव अनेक वाचकांनी ऐकले असेल. नकार, राग, घासाघीस, विषण्णता आणि स्वीकार हे त्यांचे पाच टप्पे मानसशास्त्राच्या पुस्तकांत असतात आणि परीक्षेत विचारलेही जातात. दुर्दैवाने ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे शिकवले जातात. मरणारी माणसे या क्रमाने जातात असे नंतरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. एकाच दिवशी सकाळी स्वीकार आणि संध्याकाळी नकार असू शकतो. ‘अजून रागाच्या टप्प्यात आहेत’ असे म्हणून रुग्णाच्या रास्त तक्रारीकडे दुर्लक्ष करणे, हा तर या सिद्धांताचा सर्वांत वाईट उपयोग.

माझ्या मते या बाईंचे मोठे काम वेगळेच होते. १९६५ च्या सुमारास शिकागोत धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी त्यांच्याकडे मृत्यूचा अभ्यास कसा करावा हे विचारायला आले. त्यांनी ठरवले, की मरणाऱ्या माणसांनाच शिक्षक करायचे. अशा रुग्णांशी बोलण्याची परवानगी मागत त्या वॉर्डावॉर्डांतून फिरल्या, तेव्हा आमच्याकडे मरणारे रुग्णच नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले! पुढे रुग्ण मिळाले, आणि बहुतेकांना बोलायचे होते. त्या मुलाखतींतूनच १९६९ चे त्यांचे पुस्तक तयार झाले.

मग बोलणे अडते कुठे? ते दुसऱ्या बाजूला अडते. १९८४ साली हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्येच तोडले होते. आपले म्हणणे पूर्ण मांडता आले ते जेमतेम चौथ्या हिश्शाच्या भेटींत.

शिक्षकांनी या आकड्याला हसू नये. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचे असेच ध्वनिमुद्रण केले होते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत; मग स्वतः उत्तर देत किंवा दुसऱ्या मुलाकडे वळत. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. रुग्णाच्या खाटेपाशी नेमके हेच कौशल्य लागते. “मला काही खरं दिसत नाही आता,” असे आजी म्हणाल्या, की आपण घाईने म्हणतो, “असं काय बोलता! नातवाचं लग्न बघायचंय तुम्हाला.” आजी गप्प होतात. त्याऐवजी “असं का वाटतं तुम्हाला?” एवढे विचारून थांबता आले, तर आजींना जे बोलायचे आहे ते निघते.

कर्करोगतज्ज्ञांसाठी २००० साली वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि सहकाऱ्यांनी वाईट बातमी सांगण्याची एक सहा पायऱ्यांची रीत प्रसिद्ध केली. एकांत साधावा, बसून बोलावे, या गोष्टी तिच्यात आहेतच. सर्वांत महत्त्वाचे आहे ते सांगण्याआधी विचारणे. तुम्हाला आजाराबद्दल काय वाटते? आणखी किती जाणून घ्यायला आवडेल? की मी तुमच्या मुलाशी बोलू? ‘मुलाशीच बोला, मला नको’ असे उत्तर आले, तर तोही रुग्णाचा निर्णय आहे आणि तो मानायचा. सर्वांना सर्व काही सांगून टाकावे असा समुपदेशनाचा आग्रह नाही. कोणाला किती हवे आहे, हे त्या माणसालाच विचारावे एवढेच त्याचे म्हणणे आहे.

‘त्यांना सांगू नका’ म्हणणाऱ्या मुलाशी वाद घालायचा नसतो. सांगितले तर काय होईल असे वाटते, हे त्याला विचारायचे; एवढे गुपित एकट्याने वाहण्याचा त्याला किती त्रास होतो तेही विचारायचे. हा प्रश्न त्याला बहुधा तोवर कुणी विचारलेला नसतो. मग एक करार करता येतो: त्यांनी विचारले नाही तर आम्ही लादणार नाही, पण त्यांनी सरळ विचारले तर खोटे बोलणार नाही. बहुतेकांना हा करार पटतो.

हे शिकवता येते का? ब्रिटनमध्ये लेस्ली फॅलोफिल्ड आणि सहकाऱ्यांनी ३४ कर्करोग केंद्रांतील १६० डॉक्टरांवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींना तीन दिवसांचे संवाद-प्रशिक्षण दिले, काहींना दिले नाही, आणि रुग्णांशी झालेल्या भेटींचे चित्रीकरण तपासले. प्रशिक्षित डॉक्टरांच्या बोलण्यात सहानुभूतीची वाक्ये ६९ टक्क्यांनी अधिक आढळली. संशोधकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: नुसत्या अनुभवाने हे कौशल्य येत नाही. वीस वर्षे तीच चूक करत राहिलेला माणूसही अनुभवी म्हणवला जातो, हे आपल्याही व्यवसायात दिसते.

आकडे काय सांगतात

आता मूळ प्रश्न. खरे बोलल्याने माणूस खचतो का? २००८ साली अलेक्सी राइट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ३३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३७ टक्के रुग्णांशी डॉक्टरांनी अखेरच्या काळातील इच्छांबद्दल मोकळेपणाने बोलणे केले होते. त्यांच्यात नैराश्याचे किंवा काळजीचे प्रमाण इतरांपेक्षा लक्षणीय वाढलेले आढळले नाही. शेवटच्या आठवड्यात कृत्रिम श्वसनयंत्रावर गेलेले रुग्ण मात्र बोलणे झालेल्यांत १.६ टक्के, तर न झालेल्यांत ११ टक्के होते. जिथे अखेरीस यंत्रांचा मारा अधिक झाला, तिथे मागे राहिलेल्या आप्तांतही नैराश्य जास्त होते.

चोखंदळ विद्यार्थी येथे हरकत घेईल, आणि त्याने ती घ्यावीच. ज्यांच्याशी बोलणे झाले ती माणसे मुळातच शांत स्वभावाची असतील तर? निरीक्षणाच्या अभ्यासात ही शंका राहतेच. तिच्यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केवळ योगायोगाने दोन गट पाडायचे. बॉस्टनमध्ये जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी फुफ्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांचे असे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून उपशामक सेवा आणि तिच्यातील संवाद मिळाला. २०१० साली निष्कर्ष आले. नैराश्याची लक्षणे या गटात १६ टक्क्यांना, तर दुसऱ्यात ३८ टक्क्यांना होती. अखेरच्या काळातील आक्रमक उपचार कमी घेऊनही या गटातील रुग्णांचे मध्यम आयुर्मान ११.६ महिने निघाले, दुसऱ्याचे ८.९. पुढच्या सगळ्याच चाचण्यांत आयुष्य वाढलेले दिसले नाही, त्यामुळे त्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. जीवनमानातली सुधारणा मात्र अधिक वेळा दिसली.

दुसरे उदाहरण कॅनडातील मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांचे. त्यांच्या पद्धतीत रुग्णाला आयुष्यातील महत्त्वाच्या आठवणी, ज्याचा अभिमान वाटतो अशी कामे, मुलाबाळांसाठी सांगायच्या गोष्टी विचारतात. बोलणे टेप करून ते लिहून काढतात, नीट करून रुग्णाला वाचून दाखवतात आणि त्याला हव्या त्या माणसांसाठी ते त्याच्या हाती देतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात १०० रुग्ण होते. ७६ टक्क्यांनी आपली प्रतिष्ठेची भावना वाढल्याचे सांगितले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. २०११ साली ४४१ रुग्णांचे तीन गट करून चाचणी झाली, तेव्हा मानसिक त्रासाच्या मोजपट्ट्यांवर गटागटांत लक्षणीय फरक पडला नाही. रुग्णांना स्वतःला मात्र ही पद्धत इतर दोन्हींपेक्षा अधिक उपयोगी वाटली होती. मुळात त्रासच कमी असलेल्यांचा त्रास आणखी किती कमी होणार, असे संशोधकांचे म्हणणे. ते पटण्यासारखे आहे. अर्थात निकाल मनासारखा आला नाही की मोजपट्टीला दोष देणे सोयीचेही असते, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

‘किती दिवस?’ या प्रश्नावर निकोलस क्रिस्टाकिस आणि एलिझाबेथ लॅमॉन्ट यांचा २००० सालचा अभ्यास सांगण्यासारखा आहे. ३४३ डॉक्टरांनी ४६८ मरणासन्न रुग्णांबद्दल वर्तवलेले अंदाज त्यांनी प्रत्यक्षाशी ताडून पाहिले. जेमतेम २० टक्के अंदाज बरोबर निघाले आणि ६३ टक्के प्रत्यक्षापेक्षा आशावादी होते. म्हणून जाणते डॉक्टर आकडा देत नाहीत. ‘आता महिन्यांपेक्षा आठवड्यांचा हिशेब करू या’ असे सांगतात. मुलाला परदेशातून कधी बोलवायचे, हे ठरवायला तेवढे पुरते.

‘दोन घास तरी खा’

आपल्याकडे मरणाऱ्याच्या उशाशी सर्वांत जास्त चालणारा वाद अन्नाचा असतो. रुग्ण खात नाही, बायको चमच्याने पेज भरवू पाहते, तो तोंड फिरवतो, ती रडते. मग सलाइन लावा, नाकातून नळी घाला, अशी मागणी होते. उपाशी मारले असे नको व्हायला! यात शरीरशास्त्र समजावून सांगणे हेच समुपदेशन ठरते. शेवटच्या टप्प्यात आजारामुळे रक्तात दाह निर्माण करणारी प्रथिने वाढतात. ती मेंदूतील भुकेच्या केंद्रावर परिणाम करतात आणि स्नायूंची झीज घडवतात. दिलेले अन्न शरीराला वापरता येत नाही. तेव्हा तो खात नाही म्हणून मरत नसतो; मरणाच्या वाटेवर असल्यामुळे त्याची भूक गेलेली असते. सलाइनबद्दल ह्यूस्टनच्या एडुआर्डो ब्रुएरा व सहकाऱ्यांनी हॉस्पिसमधील कर्करोगाच्या १२९ रुग्णांवर केलेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला रोज एक लिटर, दुसऱ्याला नावापुरते १०० मिलिलिटर. लक्षणांत वा आयुष्यात फरक आढळला नाही. उलट, शरीर पाणी बाहेर टाकू शकत नसेल तर ते पायांत आणि फुफ्फुसांत साठू शकते. ओठ ओले ठेवणे, तोंड स्वच्छ करणे, चमचाभर पाणी देणे, याने कोरड कमी होते आणि हे काम बायकोला स्वतः करता येते.

अखेरच्या तासांत घशात घरघर होते. ती ऐकवत नाही. घशातला स्राव गिळता येत नसल्यामुळे हवा त्यातून जाताना तो आवाज होतो. रुग्ण तेव्हा बहुधा शुद्धीत नसतो. हे आधी सांगून ठेवले, तर मध्यरात्री धावपळ करून अतिदक्षता विभागात नेण्याची वेळ येत नाही. शुद्ध नसली तरी बोलत राहावे का? २०२० साली कॅनडातील व्हँकूव्हरच्या एका हॉस्पिसमधील थोड्या रुग्णांवर मेंदूतील विद्युत्‌लहरींची मोजणी झाली. प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूने बदलत्या सुरांना निरोगी माणसांसारखाच प्रतिसाद दिला. ऐकलेल्याचा अर्थ कळतो, असे यावरून सिद्ध होत नाही. पण खाटेजवळ वाटण्या काढू नयेत, एवढे नक्की.

भारतातले पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झालेले शांती अवेदना. त्याच्या शाखा पुढे गोव्यात आणि दिल्लीत निघाल्या. पुण्यात १९९७ पासून सिप्ला संस्थेचे केंद्र आहे. सर्वांत व्यापक प्रयोग मात्र केरळचा. १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेले काम पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांपर्यंत पोचले. आठवड्यातून काही तास देणारी, थोडे प्रशिक्षण घेतलेली शेजारपाजारची माणसे खाटेवरच्या रुग्णाला भेटतात, ऐकतात, परिचारिकेला कळवतात. २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी धोरणच जाहीर केले. महाविद्यालयीन विद्यार्थीही या कामात आहेत. कायद्याच्या अंगाने, आपल्याला अखेरीस कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची किचकट पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे ती साक्षांकित करता येते.

वर्गातला एक बाक

शिक्षकांचा संबंध येतो तो बहुधा असा: सातवीतल्या एखाद्या मुलीची आई घरी अखेरच्या आजारात आहे, आणि ‘तिला काही सांगू नका, परीक्षा आहे’ असे वडील शाळेत येऊन सांगून जातात. बोळातलेच वाक्य वर्गात येते.

मुलांना मृत्यू कितपत समजतो याचा जुना अभ्यास मारिया नॉज या बाईंचा आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बुडापेस्टमधील तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांची चित्रे, लेखन आणि बोलणे त्यांनी तपासले. लहान मुले मृत्यूला झोप किंवा प्रवास समजत. पुढच्या संशोधनाने असे दाखवले, की मेलेले परत येत नाही, त्याच्या शरीराची सर्व कामे थांबतात आणि हे सर्वांनाच घडते, या तिन्ही गोष्टी बरीचशी मुले पाच ते सात वर्षांपर्यंत समजू लागतात. ‘आजी झोपली’, ‘आई गावाला गेली’ असे सांगण्याने लहान मुलांना झोपेची आणि गावाला जाण्याची भीती बसू शकते. सातवीतली मुलगी तर घरातले डबे, कुजबुज आणि औषधांचा वास यांवरून केव्हाच निष्कर्षाला आलेली असते. तिला एकच गोष्ट कळलेली नसते, की याबद्दल बोलायला परवानगी आहे.

वडिलांना डावलून शिक्षकाने तिला काही सांगावे असे नव्हे. वडिलांशी वर सांगितलेला करार करता येईल. पण तिला विचारता येते, “घरी कसं आहे? तुला काय काय माहीत आहे?” या वयातली आणि लहान मुले पुष्कळदा आजारपणाचा दोष स्वतःकडे घेतात. मी उलट बोलले म्हणून, मी त्या दिवशी रुसले म्हणून आई आजारी पडली, असे त्यांना वाटते आणि ते कधीच कुणाला सांगितले जात नाही. हा प्रश्न आला, तर त्याचे उत्तर विज्ञानाच्या शिक्षकाला अगदी सरळ देता येते. नाही. रुसल्याने कर्करोग होत नाही. पेशींच्या विभाजनाचा धडा तिने शिकलेला असेल, नसेल तर फळ्यावर दोन वर्तुळे काढून दाखवता येतील. मग खडू खाली ठेवून थांबावे. तिला आणखी काही विचारायचे असते.